जुनं सॉफ्टवेअर वेबवर नेताना: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पिंपळगाव-लासलगावच्या आडतीवर, निफाड-दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये आणि जिल्ह्यातल्या पतसंस्थांत अजूनही फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक, अ‍ॅक्सेस नाहीतर जुन्या पीएचपीत लिहिलेली सॉफ्टवेअर्स रोज चालतात. ती आधुनिक वेब फ्रेमवर्कवर (वेब सॉफ्टवेअर बांधायच्या तयार सांगाड्यावर) नेण्याचं काम आम्ही करतो. खालचे प्रश्न साधारण ज्या क्रमाने विचारले जातात, त्याच क्रमाने ठेवले आहेत. महत्त्वाप्रमाणे लावले असते तर न लिहिलेल्या नियमांचा आणि मराठी डेटाचा प्रश्न सगळ्यात वर आला असता, आणि फ्रेमवर्कचा पार खाली गेला असता.

आमचं सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय. मग त्याला हात का लावायचा?

बऱ्याचदा लावूच नये. एका खोलीत, एका कॉम्प्युटरवर, एकच माणूस वापरतोय आणि रोज बॅकअप घेतोय, असं असेल तर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. व्हिज्युअल बेसिक ६ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये बंद केला, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा जानेवारी २०१५ मध्ये. तरी त्यांत बनवलेले बहुतेक प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतात. "उद्या बंद पडेल" अशी भीती घालून कुणी घाई करत असेल, तर तो विकायला आलाय एवढं लक्षात ठेवा.

हात लावायची वेळ येते ती निराळ्या कारणांनी. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस एकटाच होता आणि तो आता पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही. सिन्नरला दुसरं युनिट टाकलं आणि दोन्हीकडची बिलं संध्याकाळी पेनड्राइव्हवरून एकत्र करावी लागतात. मालकांना मोबाईलवर स्टॉक बघायचाय. डीबीएफ फाईल (फॉक्सप्रो डेटा ठेवतो ती) २ जीबीच्या मर्यादेला टेकली (अ‍ॅक्सेसची मर्यादाही तेवढीच). किंवा सॉफ्टवेअर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतं, आणि तो तर १५ जून २०२२ पासून निवृत्त झालाय. एज ब्राउझरमधल्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडवर काम ढकलता येतं, किमान २०२९ पर्यंत तो ठेवणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, पण तेवढ्यावर विसंबून नवीन मॉड्यूल बांधू नका.

२०१६ ला तर बनवून घेतलं. इतक्यात जुनं कसं झालं?

किती वर्षं झाली यापेक्षा ते कशावर उभं आहे ते बघा. अँग्युलरजेएस, म्हणजे अँग्युलर या वेब फ्रेमवर्कचा पहिला अवतार, त्याचा सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर संपला. व्ह्यू २ या तशाच फ्रेमवर्कचा डिसेंबर २०२३ अखेर. पीएचपी ५.६ चा तर ३१ डिसेंबर २०१८ लाच. उलट २००५ साली आलेल्या जँगो या फ्रेमवर्कवरचं एखादं जुनं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी आवृत्ती बदलत आलं असेल तर ते आजही ताजं असतं.

जुन्या पीएचपीवाल्यांना एक सांगणं: लॅरव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कवर उडी मारण्याआधी आहे तेच पीएचपी ८ वर चालवून घ्या. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकली गेली. म्हणून होस्टिंगवाल्याने आवृत्ती वाढवली की अचानक पांढरं पान दिसतं. ती फंक्शन्स बदलणं हे मर्यादित, मोजता येण्यासारखं काम आहे. कित्येकांचं एवढ्यावरच भागतं.

कोणतं फ्रेमवर्क घ्यायचं?

ज्याची माणसं तुम्हाला नाशिकमध्ये मिळतील ते. आज काम करणारा सोडून गेला तर दुसरा कुठून आणणार, याचं उत्तर आधी शोधा. लॅरव्हेल, जँगो, स्प्रिंग बूट, एएसपी डॉट नेट कोअर, यांतलं कुठलंही बिलिंग, स्टॉक, कर्जखाती आणि पगारपत्रक आरामात पेलतं.

फरक पडतो तो मुदतीचा. डॉट नेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, तेव्हा आता सुरू करणाऱ्याने डॉट नेट १० घ्यावं. जँगो ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील. लॅरव्हेलच्या प्रत्येक आवृत्तीला त्या साधारण दोन वर्षं मिळतात, म्हणजे दरवर्षी थोडं काम काढून ठेवावं लागतं. जुनं सॉफ्टवेअर एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये असेल तर "फक्त कोअरवर न्यायचं" हे ऐकायला सोपं वाटतं, पण कोअरमध्ये वेब फॉर्म्स नाहीतच. स्क्रीन नव्याने बांधाव्या लागतात.

रिअ‍ॅक्ट (स्क्रीन ब्राउझरमध्येच बांधणारी लायब्ररी) हवंच का? व्हाउचर एन्ट्रीला नको. सर्व्हरवरून तयार होऊन येणारी साधी पानं पुरतात, दुरुस्तीला सोपी जातात, आणि एका माणसाला सांभाळता येतात.

सगळं एकदम नव्यानं लिहून घेतलं तर? एकदाच काय तो त्रास.

हा मोह प्रत्येकाला होतो, आणि मोठमोठ्यांना झालाय. नेटस्केपने आपला ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला. चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी बाजारात आलीच नाही, सहावी आली नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररकडे गेला होता. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळा डेटा एकाच शनिवार-रविवारी नव्या सिस्टिमवर हलवला. सोमवारी लाखो ग्राहकांना आपलंच खातं उघडेना. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड केला.

द्राक्षवाल्यांना हे एका वाक्यात कळतं: जात बदलायची म्हणून कुणी सगळी बाग एका वर्षी मोडत नाही, खुंट तोच ठेवून ओळीओळीने कलम भरतात, उरलेल्या ओळींचं पीक चालू राहतं.

सॉफ्टवेअरमध्ये ते असं होतं. जुनं ॲप्लिकेशन वेबवरच असेल तर त्याच्यापुढे एनजिनएक्ससारखा एक दरवान बसवायचा. ठरावीक पत्त्यांच्या विनंत्या नव्या फ्रेमवर्ककडे, बाकीच्या जुन्याकडे. वापरणाऱ्याला पत्ता एकच दिसतो, आतून एकेक भाग सरकत जातो. डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर असेल तर पत्तेच नसतात, तिथे सुरुवात डेटापासून करायची. डीबीएफ किंवा अ‍ॅक्सेसमधला डेटा पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर न्यायचा आणि जुन्या स्क्रीन ओडीबीसीमधून (डेटाबेसशी जोडणारा प्रमाणित पूल) त्याच डेटाला जोडायच्या. फॉक्सप्रोत सगळीकडे थेट टेबल उघडून लिहिलेलं असेल तर इथेच बराच घाम निघतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानंतर रिपोर्ट नव्याकडे न्यायचे, कारण ते फक्त वाचतात, काही बिघडवत नाहीत. मग मास्टर (खाती, माल, पार्ट्या यांच्या मूळ याद्या). बिलं, पावत्या, व्याज आकारणी सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे सोर्स कोडच नाही. फक्त एक्झी फाईल आहे.

घाबरू नका, पण आशाही बेताचीच ठेवा. फॉक्सप्रोची एक्झी डीकंपाइल करणारी (तिच्यातून कोड परत काढणारी) साधनं आहेत आणि निघणारा कोड बराचसा वाचता येतो. डॉट नेट आणि जावाचंही तसंच. व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्रॅम नेटिव्ह (थेट यंत्राच्या) कोडमध्ये कंपाइल केलेला असेल तर मूळ कोड परत मिळत नाही; मग स्क्रीनवर काय टाकलं आणि कागदावर काय छापून आलं, यावरून नियम काढावे लागतात.

त्याआधी करारपत्र शोधा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमच्या पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सर्वसाधारणपणे तुमचा. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचे हक्क लेखी करून घेतले नसतील तर बहुधा त्याच्याकडेच राहतात. पैसे दिले म्हणजे कोड आपला, हा समज इथे फार पसरलाय. डेटा मात्र तुमचाच, आणि डीबीएफचा साचा उघड असल्यामुळे तो कोडशिवायही वाचता येतो. मूळ माणूस जिवंत आहे, बोलायला तयार आहे, तर वकिलाआधी त्यालाच चहाला बोलवा. दोन तासांत तो जे सांगेल ते डीकंपाइल करून महिनाभरात हाती लागायचं नाही.

नियम कुठेच लिहिलेले नाहीत. नव्या सॉफ्टवेअरला ते कळणार कसे?

सगळं काम खरं इथेच आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या धंद्याचे कितीतरी वर्षांचे निर्णय साठलेत, आणि ते घेणारी माणसं आता तिथे नाहीत. कोडमध्ये कुठेतरी ओळ असते की अमुक पार्टी कोड असेल तर तोलाई (माल तोलण्याची मजुरी) लावू नको. का? कुणालाच आठवत नाही. काढून टाकलं की पहिल्याच हिशेबपट्टीवर भांडण.

विचारून नियम मिळत नाहीत, कारण माणसं "कसं असायला हवं" ते सांगतात. त्यापेक्षा जुन्या सॉफ्टवेअरलाच साक्षीला उभं करा. मागच्या वर्षाच्या खऱ्या नोंदी घ्या, त्यांवर जुन्याने दिलेली उत्तरं जपून ठेवा, त्याच नोंदी नव्यातून चालवा आणि दोन्ही उत्तरं यंत्राकडून ताडून घ्या. जिथे पैशाचाही फरक येईल तिथे एक नियम दडलेला असतो. तो चुकीचा असेल तरी आधी तसाच आणायचा. सुधारायचा की नाही हे अकाउंटंट ठरवतील, प्रोग्रॅमर नाही.

पैशाचे फरक कुठून येतात ते एका उदाहरणाने पाहू. अडीच रुपयांचं पूर्णांकन किती? व्हिज्युअल बेसिक ६ चं राउंड फंक्शन २ देतं, आणि साडेतीनचं ४, कारण ते बरोबर मध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतं. पायथन आणि डॉट नेटचंही मुळात तसंच. फॉक्सप्रो, पीएचपी आणि एसक्यूएल सर्व्हर अडीचचे ३ करतात. गंमत म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्येच फॉरमॅट फंक्शन वापरलं तर तेही ३ दाखवतं, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्क्रीनवर एक आणि खात्यात दुसरं असं होऊ शकतं. एका खात्याला एक रुपया म्हणजे काही नाही. हजारो ठेवखात्यांच्या व्याजात त्याचा ताळा जुळत नाही आणि लेखापरीक्षक तिथेच थांबतो.

पतसंस्थांनी व्याजाचे दिवसही तपासावेत. वर्ष ३६५ चं धरलंय, ३६० चं, की लीप वर्षी ३६६ चं? ठेव ठेवल्याचा दिवस मोजलाय की मोडल्याचा? बचत खात्यावर व्यापारी बँका १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज देतात, त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरत. त्या काळाच्या आधी लिहिलेल्या पॅकेजमध्ये दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी सापडू शकतात, आणि कुठली चालू आहे ते एका सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग कोणाला माहीत असतं? बहुतेक वेळा कोणालाच नाही.

आमचा निम्मा डेटा मराठीत आहे. तो तसाच येईल ना?

तसाच येणार नाही. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकच्या आयएसएमचे फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर फाईलमध्ये मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट काढला की सभासदाचं नाव कचरा दिसतं. ते युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच क्रमांक-पद्धतीत) आणावं लागतं, आणि कन्व्हर्टर लावला की झालं असं समजू नका.

पहिली अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठतात: ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे इकार नंतर आणि रफाराचा र आधी. "कीर्ती", "वर्षा", "शिर्के" अशी नावं इथे फसतात. अर्धवट कन्व्हर्टर रफार भलत्याच अक्षरावर बसवतो. दुसरी अडचण मिश्र रकान्यांची. एकाच रकान्यात काही नावं इंग्रजीत, काही मराठी फॉन्टमध्ये, आणि कुठली ओळ कशात आहे याची खूण कुठेच नाही. इंग्रजीतलं "पाटील" कन्व्हर्टरमधून गेलं की त्याचा भलताच मराठी शब्द होतो. अशा नोंदी वेगळ्या काढायला थोडा प्रोग्रॅम आणि बराचसा माणूस लागतो. गावांची आणि आडनावांची यादी हाताशी असेल तर काम पुष्कळ हलकं होतं, कारण जिल्ह्यात तीच तीच नावं येतात.

तिसरी अडचण युनिकोडमध्ये आल्यावर सुरू होते. "सुऱ्या"तला तो चंद्रासारखा र दोन प्रकारे टाइप होतो, आणि "ॲ" सुद्धा दोन प्रकारे: एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, आणि दुसरं अ ला जोडणी देऊन केलेलं. डोळ्यांना सारखे, कॉम्प्युटरला निराळे. एका ऑपरेटरने एका प्रकारे टाइप केलेलं नाव दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही आणि मग त्याच सभासदाचं दुसरं खातं उघडलं जातं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (रूपं एकसारखी करण्याची पद्धत) हे दोन्ही रूपांना एक करत नाही. एन्ट्री सेव्ह होतानाच एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. १२ आणि 12 यांचंही तसंच.

आता साठवण. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना व्हारचार या साध्या मजकूर-प्रकाराचा ठेवला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि ती एकदा साठली की मूळ मजकूर परत येत नाही. एनव्हारचार हा युनिकोडचा प्रकार घ्या. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ घ्या. लांबीही बघा: "श्री" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. जुन्या फाईलमधला तीस बाइटांचा नावाचा रकाना तेवढाच ठेवला तर "सुनीता देशपांडे" मध्येच तुटतात.

आणि यादीचा क्रम. युनिकोडच्या नुसत्या आकड्यांवर लावलं तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषा-लायब्ररीचा मराठी क्रम वापरता येतो, तो रकान्याला लावून घ्या. मतदार सभासदांची यादी छापताना हे फार कामाला येतं.

किती वर्षांचा डेटा न्यायचा?

कंपनी कायद्याने हिशेबवह्या आठ वर्षं ठेवाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. पण ठेवायच्या म्हणजे नव्या सॉफ्टवेअरमध्येच घालायच्या असं नाही. आमचं मत: चालू आणि मागचं वर्ष, शिवाय सगळी उघडी खाती नव्यात, उरलेलं फक्त वाचता येईल अशा वेगळ्या डेटाबेसमध्ये.

फॉक्सप्रोवाल्यांसाठी एक सापळा. तिथे डिलीट केलेली नोंद फाईलमधून जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते; पॅक कमांड दिली तरच ती खरी पुसली जाते. डेटा उचलणाऱ्या साधनाने ती खूण वाचली नाही तर वर्षानुवर्षं रद्द केलेली बिलं पुन्हा जिवंत होतात. जुन्या तारखांची वर्षं दोन आकडी असतील तर तीही हाताने तपासा: अ‍ॅक्सेस बहुधा २९ ला २०२९ समजतं आणि ३० ला १९३०.

ऑपरेटर माऊसला हात लावत नाहीत. वेबवर त्यांचं कसं होणार?

प्रश्न रास्त आहे, आणि डेमो बघून खूश होणारे मालक तो विचारत नाहीत. फॉक्सप्रोवर वर्षानुवर्षं बसलेल्या ताई एंटर मारत मारत, नंबर पॅडवरून, स्क्रीनकडे न बघता बिल पुरं करतात. एंटरने पुढच्या रकान्यात जाणं, बाणांनी यादीत फिरणं, एफ२ ने सेव्ह, हे सगळं वेबवर करता येतं. मात्र ते पहिल्या दिवशी करारात लिहा. कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू हे शॉर्टकट ब्राउझर स्वतःकडे ठेवतो, साध्या टॅबमधल्या पानाला ते मिळत नाहीत, म्हणून जुन्यात ते असतील तर बदलावेच लागतील.

तीन कॉप्यांचा कार्बन कागद आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे पुढचं दुखणं. ब्राउझर पान चित्रासारखं पाठवतो, आणि प्रिंटर रडत-रखडत छापतो. काउंटरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम बसवून सरळ मजकूर प्रिंटरला पाठवावा लागतो. वजनकाट्याचं तसंच: सिरियल पोर्टवरून येणारं वजन क्रोम आणि एज २०२१ पासून वेब सिरियल या सोयीने वाचू शकतात, पण आडतीवर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ब्राउझरच्या परवानगीची खिडकी नको वाटते, म्हणून आम्ही तिथेही मदतनीस प्रोग्रॅमच सुचवतो. पिग्मी एजंटांच्या मशीनमधून येणारी फाईल ज्या साच्यात येते त्याच साच्यात घ्या. शंभर एजंटांची मशीन बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बदल कधी करायचा? १ एप्रिलला?

सगळे तेच म्हणतात, कारण ओपनिंग बॅलन्स स्वच्छ मिळतो आणि बिलांची नवी मालिका सुरू होते. पण मार्चअखेरीला ज्या माणसांना झोप नाही, त्यांनाच तुम्ही नवी स्क्रीन शिकवणार. कारखान्यांना जुलै किंवा ऑक्टोबरची पहिली तारीख बरी, तिमाही तिथे तुटते. द्राक्ष निर्यातवाल्यांनी जानेवारी ते एप्रिल या काळात काहीच हलवू नये. पतसंस्थांनी दिवाळीच्या आधीचा महिना टाळावा. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत; तेव्हा पंचवटी-नाशिकरोडकडे माणूस वेळेवर पोचेल यावर कुठलाही आराखडा बांधू नका.

दोन्ही सॉफ्टवेअर किती दिवस बरोबर चालवायची?

एक पूर्ण महिनाअखेर पार होईपर्यंत, जीएसटी विवरणपत्रासह. त्याहून लांबवलं की लोक दुहेरी एन्ट्रीला कंटाळतात, नव्यात उद्या टाकू म्हणतात, आणि मग फरक सॉफ्टवेअरचा की आळसाचा ते कळत नाही. रोज संध्याकाळी रोख शिल्लक, विक्रीची बेरीज आणि स्टॉक असे तीनच आकडे ताडा. जुनं बंद करायची तारीख आधी ठरवा आणि ती कोण पुढे ढकलू शकतो हेही ठरवा. तो अधिकार एकाच माणसाकडे असू द्या.

ई-इनव्हॉइस आणि ऑडिट ट्रेलचं काय?

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरच्यांना बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावं लागतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप नोंद) हवा. डीबीएफ फाईल कुणीही बाहेरून उघडून आकडा बदलू शकतो, म्हणून जुन्या पॅकेजवर नंतर चिकटवलेला ट्रेल तपासणीत टिकणं अवघड. नव्या फ्रेमवर्कवर जाण्यासाठी आम्हाला पटलेलं सगळ्यात ठोस कारण हेच आहे.

क्लाउडवर ठेवायचं की ऑफिसातच?

मुंबईत आणि पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आहेत, अंतराची अडचण नाही. अडचण तुमच्या लाइनची. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेता येत नसतील आणि इंटरनेट गेल्यावर वजनकाटा थांबून चालणार नसेल, तर सर्व्हर ऑफिसात ठेवा आणि बॅकअप बाहेर.

मात्र वेबवर आलात की सुरक्षेचं गणित बदलतं. जुनं सॉफ्टवेअर सुरक्षित होतं कारण ते खोलीबाहेर कुणाला दिसत नव्हतं. पासवर्ड कित्येकदा उघडेच साठवलेले असतात. ते तसेच नव्यात आणू नका, प्रत्येकाला नवा घ्यायला लावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

एआयने कोड बदलून मिळतो म्हणे?

फॉक्सप्रोचा जुना कोड वाचून तो काय करतो हे समजावून घ्यायला त्याची छान मदत होते, चाचण्या लिहायलाही. बदललेला कोड मात्र वर सांगितलेल्या ताळ्यातून गेल्याशिवाय घेऊ नका. तोलाईची ती ओळ तो इमानदारीने बदलून देईल, किंवा अनावश्यक म्हणून सुबकपणे काढून टाकेल. सभासदांचा खरा डेटा त्यात चिकटवू नका.

कोटेशनमध्ये काय बघायचं?

स्क्रीनच्या संख्येवर भाव सांगणाऱ्यापासून सावध. वेळ खातात ते रिपोर्ट आणि डेटा. पहिल्यांदा फक्त अभ्यासाचे पैसे द्या: जुन्याची नियमावली, रिपोर्टांची यादी (त्यातले निम्मे कुणी उघडतही नाही, ते तिथेच गाळता येतात) आणि डेटाची एक चाचणी-भरती. ती नियमावली तुमची राहते, पुढचं काम दुसऱ्याला दिलं तरी. कोडचं भांडार, डोमेन आणि होस्टिंग तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर असू द्या. डेटा रूपांतर ही स्वतंत्र रक्कम मागा. ती "मोफत" लिहिलेली दिसली तर ते काम नीट होणार नाही असं समजा.

सगळं हलवल्यावर जुन्याचं काय करायचं?

फेकू नका. जुना कॉम्प्युटर आहे तसा व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) घ्या, त्याला नेटवर्क देऊ नका, आणि वर्षातून एकदा उघडून बघा. डाँगल (सॉफ्टवेअर उघडायला पोर्टमध्ये लावायची किल्ली) असेल तर ती आधी पाहा: यूएसबीची बहुतेकदा व्हर्च्युअल मशीनला जोडता येते, पॅरलल पोर्टची असेल तर तो पोर्ट असलेला एक जुना कॉम्प्युटर जपावा लागतो. हे जमणार नसेल तर बंद करण्याआधीच सगळ्या खतावण्यांची पीडीएफ काढून ठेवा, वर्षवार, खातेवार. जुन्या फॉन्टचा परवाना आणि फाईलही त्याच डिस्कवर ठेवा, नाहीतर नावं वाचता येणार नाहीत.